चित्रात नसलेला बैल

आत्या गेली त्याच्या दीड आठवडा आधी मी जळकोटला तिच्याकडं जाऊन आले होते. गेले होते एक गोष्ट कबूल करायला, आणि न करताच परत आले. घाई काय आहे, पुढच्या खेपेला सांगू, असं वाटलं... आता तिला जाऊन दोन महिने होत आले. तिच्यावर पेपरच्या पुरवणीत लिही, असं ओळखीच्या एकांनी सुचवलं तेव्हा आधी मी नको म्हटलं. कुसुमआत्याला जळकोटच्या बाहेर ओळखतं कोण? पण ती गोष्ट अजून माझ्याकडंच पडून आहे. म्हणून लिहिते.

त्या दुपारी ती ओसरीत भिंतीला टेकून तूर निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "काय काम काढलंस?" म्हटलं, काही नाही, सहज आले. "कामाचा वार सोडून सहज? भांडलीस काय कुणाशी?" नाही म्हटलं. मग तिनं चहा टाकला, मी सूप पुढं ओढलं. चहा घेऊन आल्यावर तिनं स्वतःचा निवडलेला ढीग माझ्याकडं सरकवला. "ह्यो बी बघ जरा. माझं काय खरं न्हाय आता." मी हात फिरवला. एकही खडा सापडला नाही. "चांगली निवडलीय की," एवढंच म्हणाले आणि चहा प्यायले. तासभर आम्ही बोललो ते गणेशच्या सोलापूरच्या नोकरीबद्दल, माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल, शेजारच्यांच्या नव्या बोअरबद्दल. निघताना तिनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि फाट्यापर्यंत सोडायला आली. गाडी यायची होती. हायवेवरचे ट्रक एकामागून एक जात होते. ती म्हणाली, "कायतरी सांगायला आल्तीस तू. तोंडावर दिसतंय. ऱ्हाऊ दे, फुडच्या येळंला सांग." मी हसले. तेवढ्यात गाडी आली.

पुढं तिच्या मुलाचा, गणेशचा, फोन आला तो सकाळी साडेनऊच्या सुमारास. मी नळदुर्गला, काम करते त्या कॉम्प्युटर केंद्रात, नुकतीच खुर्चीवर बसले होते. "ताई, आई गेली." अंगण झाडताना खाली बसली, ती उठलीच नाही. मी फोन ठेवला, समोर उघडलेलं चित्र बंद केलं, आणि पर्स कुठं ठेवलीय ते मला बराच वेळ सापडेना.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळा सातवीपर्यंत. लग्न गावातल्या गावातच झालं, त्यामुळं तिचं सासर आमच्या घरापासून चार घरांवर. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. ते मामा अबोल, जेवढ्यास तेवढं बोलणारे. आत्यानं आयुष्यभर द्राक्षाच्या बागांत विरळणी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: द्राक्षाच्या घडात मणी दाटीवाटीनं येतात, सगळे ठेवले तर एकही फुगत नाही. म्हणून बायका मांडवाखाली उभ्या राहून, मान वर करून, बारीक कात्रीनं जादा मणी काढतात. कुठला ठेवायचा नि कुठला काढायचा, हे डोळ्यांचं काम. आत्याची एक पद्धत होती. ती आधी मण्याला बोट लावायची, मग कात्री. बाकीच्या बायका पुढं निघून जायच्या, ही मागं. मुकादम ओरडायचा. पण तिच्या ओळीतल्या घडांची तक्रार कधी आली नाही, हे त्याच मुकादमानं मला दहाव्याला सांगितलं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी अभिमानानं सांगते, आणि पुढंही सांगेन. कॉलेजात नाव घालायचं होतं त्या दिवशी वडील पेरणीत अडकले होते. आत्यानं बागेत खाडा केला आणि माझ्याबरोबर आली. रांगेत तीन तास उभी राहिली. खिडकीतल्या क्लार्कनं सांगितलं, "इथं सही करा." आत्यानं कागद घेतला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायला लागली, हे काय लिवलंय, हे काय लिवलंय. क्लार्क वैतागला. "बाई, तुम्हाला वाचता येत नाही का?" ती म्हणाली, "येतंय की. मराठी येतंय. हे इंग्रजी हाय, म्हणून इचारतेय. बघितल्याबिगर सही कशी करू?" मला त्या वेळी लाज वाटली होती. आत्याची, क्लार्कची नाही. हेही लिहायला हवं.

पदवी झाली, दोन वर्षं घरी बसले, मग नळदुर्गला हे केंद्र निघालं. एका औषधाच्या दुकानाच्या वर, हायवेला लागून, वीसेक कॉम्प्युटरचा हॉल. काम पुण्याच्या एका कंपनीकडून यायचं. आजकाल अशी यंत्रं बनतायत की त्यांना चित्र दाखवून प्रश्न विचारला तर ती उत्तर देतात. पण कुठला शब्द चित्रात कुठं बसतो हे त्यांना आधी माणसांनी शिकवावं लागतं. पडद्यावर चित्र येतं, खाली एक वाक्य असतं. 'बाई विहिरीवर पाणी भरत आहे.' आपण बाईभोवती चौकोन काढायचा आणि 'बाई' शब्दाला जोडायचा, विहिरीभोवती काढायचा, 'विहीर'ला जोडायचा. याला आम्ही बॉक्स मारणं म्हणतो. वाक्यातली वस्तू चित्रात दिसतच नसेल, तर कोपऱ्यात एक बटण असतं: 'चित्रात नाही'. अशी हजारो चित्रं. मी सहा महिन्यांत तपासनीस झाले. बाकीच्यांचे बॉक्स बरोबर की चूक ते मी ठरवायचे.

पुढं शेतीच्या चित्रांचं मोठं काम आलं. मराठी वाक्यं, मराठी यंत्र. शेतीतलं कळणारी माणसं हवी होती. आत्याला तेव्हा उन्हात उभं राहणं झेपेनासं झालं होतं, चक्कर यायची. मीच तिला आणलं. कॉम्प्युटर शिकायला तिला पंधरा दिवस लागले. घरी मी तिला 'अगं आत्या' म्हणायचे. केंद्रात सगळ्यांसमोर ते बरं दिसणार नाही म्हणून 'अहो' म्हणायला लागले. पहिल्यांदा 'तुम्ही हे बघा' म्हटलं तेव्हा तिनं मागं वळून बघितलं, कुणाला म्हणते ही. मग हसत सुटली. तिथून पुढं ती मला मॅडम म्हणायची. "मॅडम, डबा आणलाय का आज, का माझ्यातलाच खाणार?" सगळा हॉल हसायचा. इथंही तिची जुनी पद्धत चालूच. पडद्यावर बोट ठेवायची, मग बॉक्स मारायची. पडद्यावर डाग पडतात म्हणून केंद्र चालवणारे सर रागवायचे. ती पदरानं पुसायची आणि परत बोट ठेवायची.

आता ती गोष्ट.

दर महिन्याला तपासणीचा एक संच असायचा. त्याची बरोबर उत्तरं आधीच ठरलेली असायची, आणि ती मी ठरवायचे. त्यातलं एक चित्र असं होतं: बाभळीचं झाड, बुडाला दावं बांधलेलं, दावं ताणलेलं आणि कडब्याच्या गंजीमागं गेलेलं. खाली वाक्य: 'शेतकऱ्याने बैल झाडाला बांधला आहे.' बैल दिसत नव्हता. पण आम्ही सगळी शेतकऱ्याचीच पोरं. दावं ताणलंय म्हणजे टोकाला जनावर आहे, वासरू असतं तर दावं एवढं जाड नसतं, आणि कडबा तिथंच आहे म्हणजे बैल तो खात उभा आहे. हे आम्हाला न बघताही दिसतं. मी उत्तर ठरवलं: गंजीच्या त्या कोपऱ्यावर बॉक्स, त्याला 'बैल' जोडायचा. हॉलमधल्या बहुतेकांनी तसाच मारला. आत्यानं दाबलं 'चित्रात नाही'.

मी तिच्या खुर्चीपाशी गेले. "आत्या, दावं दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय की."

"मग दाव्याला बैल असणारच ना?"

"असंल. असंलच. पर मला दावं दिसतंय, बैल न्हाय दिसत." तिनं गंजीवर बोट ठेवलं. "इथं कडबा हाय. कडब्याला बैल कसं म्हणू?"

"अहो, सगळ्यांना कळतंय मागं बैल आहे."

"कळतंय म्हणून तर. कळाय म्या हायेच. त्या यंत्राला बघायला शिकवायचं म्हणालीस ना तू?"

आसपासचे ऐकत होते. माझ्या आत्यानं, सातवी शिकलेल्या बाईनं, मला सगळ्यांसमोर अडवलं, असं मला झालं. सूचनांच्या कागदात लिहिलेलं होतं की शंका आली तर पुण्याला विचारा. मी विचारलं नाही. विचारलं तर मला कळत नाही असं दिसेल, ही भीती. मी म्हटलं, "वाक्य खरं धरून चालायचं. ठरलंय तसंच करा." पण ती तसं करेना. पुढच्या संचात पाण्याचा पाइप होता आणि वाक्यात मोटार. मोटार शेडच्या आत. आत्या: चित्रात नाही. डोक्यावर पाटी घेतलेली बाई आणि वाक्यात भाकरी, भाकरी फडक्याखाली. आत्या: चित्रात नाही. तीन महिने तिच्या बरोबर उत्तरांचा आकडा खाली गेला. मग सरांनी यादी मागितली, कुणाला थांबवायचं. यादीत आत्याचं नाव होतं. सर म्हणाले, "तुझी आत्या आहे ना गं? काही बोलायचंय का?" मी म्हटलं, "नातं आहे म्हणून सवलत नको." हे बोलताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं होतं... ते चांगलं वाटणं मला अजून आठवतं.

आत्यानं त्या दिवशी डबा आवरला, पडदा पदरानं पुसला आणि म्हणाली, "जाते मॅडम." चेष्टेनं म्हणाली की खरंच, ते कळलं नाही.

चार-पाच महिन्यांनी पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला. आमच्या कामावर शिकलेलं यंत्र त्यांनी पडद्यावर उघडून दाखवलं. चित्र होतं एका रिकाम्या गोठ्याचं. खुंटा, खुंट्याला दावं, बाजूला कडबा. मॅडमनी विचारलं, चित्रात काय आहे? यंत्रानं लिहिलं, 'गोठ्यात बैल बांधलेला आहे.' कुठं आहे, दाखव, म्हटल्यावर त्यानं कडब्याभोवती चौकोन काढला. तो चौकोन मी ओळखला. तसाच, थोडा डावीकडं सरकलेला, माझ्या हातचा असावा असा. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "असा दोष सगळीकडच्या यंत्रांत थोडाफार असतो. ती वाक्यावर भरवसा ठेवतात, चित्राकडं नीट बघत नाहीत. पण आपल्या शेतीच्या चित्रांत हे फार झालंय. यंत्र अंदाज करायला शिकलंय." मग म्हणाल्या, "जुन्या फायली बघितल्या. एकच नंबर असा आहे ज्यानं बरोबर ठिकाणी 'चित्रात नाही' दिलंय. चौदा नंबर. कोण आहेत त्या? नवीन लोकांना शिकवायला त्याच हव्यात."

चौदा नंबर आत्याचा होता. हॉलमधले सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "त्या काम सोडून गेल्या."

सोडून गेल्या. एवढंच. मॅडम "अरेरे" म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडं वळल्या. त्यानंतरच्या आठवड्यात मी जळकोटला गेले, तूर निवडली, चटणी घेऊन परत आले.

तेराव्याचं सगळं आटोपल्यावर गणेश फोटोचं घेऊन बसला. भिंतीवर लावायला आत्याचा फोटोच नव्हता. लग्नातला फार जुना, आधारवरचा तिचा तिला ओळखू येणार नाही असा. शेवटी एक सापडला तो आमच्या केंद्रातला. खंडेनवमीला आम्ही कॉम्प्युटरची पूजा करतो, हळदकुंकू, फुलं वाहतो, आणि मग सगळ्यांचा एक फोटो काढतो. त्यात आत्या दुसऱ्या रांगेत आहे, खुशीत. पण अर्धीच. तिची उजवी बाजू पुढच्या माणसाआड गेलीय. गणेशनं मोबाईलवरच्या एका अ‍ॅपला तो फोटो दिला होता, आणि अ‍ॅपनं झाकलेली बाजू भरून काढून आख्खी आत्या तयार केली होती. नीट बसलेला पदर, दोन्ही खांदे, उजव्या हातात हिरव्या बांगड्या. दिसायला छान होतं.

मामांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "ह्यो हात कुणाचाय?"

"आईचाच की, अण्णा. मोबाईलनं पुरा केलाय."

"तिचा उजवा खांदा उतरल्याला व्हता. कात्री धरून धरून. ह्यो सरळ हाय."

"तेवढं कोण बघतंय अण्णा," गणेश म्हणाला आणि मोबाईल माझ्याकडं दिला. "ताई, तू ह्यातलीच हायेस. सांग तूच. चांगलं दिसतंय का न्हाय?"

मी त्या हाताकडं बघत राहिले. मग म्हटलं, "गणेश, हा हात फोटोत नाही." आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही थांबलं नाही. बाभळीचं चित्र, माझं ठरवलेलं उत्तर, यादी, पुण्याच्या मॅडमनी काय विचारलं, मी काय सांगितलं. ती बरोबर होती, हे सांगायलाच मी त्या दिवशी आले होते, हेही. गणेश खाली बघत होता. मामांनी चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला.

"तुमच्याकडनं घरी आली," ते म्हणाले, "तवा तिला वाटलं, नजर गेली आपली. सोलापूरला डोळं तपासून आली. डाक्टर म्हणला, डोळं चांगलं हायती. तरी तिला पटंना. म्हणायची, वैशू उगं चूक म्हणंल का, शिकल्याली पोरगी हाय. सुईत दोरा बी मला ओवाय लावायची."

मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं."

"मला सांगून काय उपेग. तिला सांगायचं व्हतं." हे ते रागानं म्हणाले नाहीत. पाऊस आला नाही असं म्हणावं तसं म्हणाले, आणि गाईला पाणी पाजायला उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला लिहिलं. चौदा नंबरनं काम सोडलेलं नव्हतं, माझ्या चुकीच्या उत्तरांमुळं त्यांना काढलं गेलं, आणि आता त्या नाहीत. मॅडमचं उत्तर आलं, हे आधी सांगायला हवं होतं. बरोबर आहे. केंद्रात सगळ्यांसमोर उभी राहून मी तेच परत सांगितलं. तपासनिसाचं काम अजून माझ्याकडंच आहे. काढून घेतलं असतं तर कदाचित हलकं वाटलं असतं. जुनी सगळी चित्रं आम्ही आता पुन्हा बघतोय. दिवसभर तेच. संध्याकाळी डोळे चुरचुरतात. कुठं तरी दावं दिसतं, पाइप दिसतो, फडकं बांधलेली पाटी दिसते, आणि आत काय आहे ते मला अजूनही लगेच कळतं. ते कळणं काही जात नाही. मग 'चित्रात नाही' दाबायचं आणि पुढचं घ्यायचं. काम संपत आलं की यंत्र सुधारेल, थोडं सुधारलंही आहे म्हणतात. मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे.

गणेशनं अ‍ॅपवाला फोटो काढून टाकला. खंडेनवमीचा होता तसाच नळदुर्गच्या फ्रेमवाल्याकडं दिला, मीच घेऊन गेले होते. त्यानं आत्याएवढाच भाग मोठा करून बघितला आणि विचारलं, "ताई, हा पुढचा खांदा कापून टाकू का? नुसत्या आत्याबाई ठेवतो." बोटानं मापून बघितलं त्यानं. कापायचं तर आत्याचा गालही जात होता. म्हटलं, राहू द्या.

तर आता जळकोटच्या घरात, आतल्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर तो फोटो आहे. मामा रोज सकाळी त्याला उदबत्ती लावतात. आत्या डाव्या बाजूनं दिसते, एक डोळा, अर्धं कुंकू, हसताना दिसणारे दात. तिच्या उजव्या बाजूवर निळ्या ओढणीतला एक खांदा पुढं आलेला आहे. फोटो काढताना मी पहिल्या रांगेत मधोमध उभी होते. मागं कोण झाकलं जातंय ते मी वळून बघितलं नव्हतं.